शेरूचा उजवा पंजा

मित्रहो, वर्ध्यात कुत्र्याच्या पायाला हात लावून बघणारा डॉक्टर कुणाला माहीत आहे का?

आमच्या घरी येऊन कुणी ‘जय भीम’ म्हटलं की शेरू उजवा पंजा वर करतो. बाबांनीच शिकवलंय त्याला. आज सकाळी अचानक तोच पाय त्याला टेकवेना.

बाबा आणि मी त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. बाबा सवयीनं म्हणाले, “जय भीम, डॉक्टर साहेब.” शेरूनं केकाटत पंजा वर केला.

डॉक्टर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. “गावठीच आहे ना? मंग काऊन एवढं टेन्शन घेता? तीन पायांवर बी जगते हे.” लांबूनच बघून गोळ्या लिहून दिल्या. माझा संताप संताप झाला.

दुपारपासून शेजारचे विचारपूस करायला येताहेत. दारातूनच जय भीम म्हणतात आणि हा वेडा कण्हत कण्हत दुखरा पाय उचलतो.

आता बाबा फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसलेत. जन्मात कुणाचा जय भीम न टाळलेला माणूस येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतोय, “आज जय भीम म्हणू नका, भाऊ. तो पाय उचलते.”