हात पुढे करा

"हे बघ, हिरो झालास तू."

साहेबाने मॉनिटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर फोटो टाकायची एक साइट आणि तिच्यावर मी. भंगाराच्या ढिगाशेजारी उकिडवा बसून डबा खाणारा. तोंडात घास. खाली ओळ : 'आमचं नवीन कॅन्टीन.' त्याखाली कुणीतरी लिहिलेलं, 'यांना टेबल कशाला? जमिनीची सवय असते.' केबिनमधले सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

सातपूरच्या त्या कारखान्यात आम्ही ठेकेदाराची माणसं. आम्हाला कॅन्टीन बंद. मोबाइलला कॅमेरा तेव्हा नवा नवा आलेला. साहेबाला खेळायला आम्ही होतो.

सुट्टीच्या दिवशी सायबर कॅफेत बसून तो फोटो मी पुन्हा पुन्हा उघडला. त्याच साइटवर भटकताना मालेगावच्या एका यंत्रमाग कामगाराचा अल्बम दिसला. सगळे फोटो नुसत्या हातांचे. चेहरा एकही नाही. खाली एवढंच, की हा हात काय विणतो. मी बघतच राहिलो. साधन तेच. साहेबाने त्या कॅमेऱ्याने माझी टर उडवली होती, या माणसाने आपली माणसं ताठ उभी केली होती.

मग मीही उसना मोबाइल घेऊन वस्तीतल्या, पत्रा कापणाऱ्या प्रेस मशीनवरच्या कामगारांच्या हातांचे फोटो काढले आणि त्याच साइटवर अल्बम टाकला. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या दगडूमामांनीही हात दिला. दोन बोटं अर्धी. खाली लिहिलं, 'माल भराभर निघावा म्हणून मशीनचा बोटं वाचवणारा गार्ड काढून ठेवतात.' नाव नाही, चेहरा नाही. कोण ओळखणार?

प्रेसवाल्याला हातावरूनच ओळखतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी मशिनी बंद होत्या. आमच्या प्रेसच्या शेडमध्ये इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. साहेब माझ्या अल्बममधले फोटो छापून घेऊन आलेला.

"रांगेत उभे राहा. हात पुढे करा."

एकेक हात फोटोशी ताडून बघत तो पुढे सरकत होता. शेजारी दगडूमामा. त्यांनी हात पाठीमागे नेले.

"गप ऱ्हाय," ते पुटपुटले. "या हाताला दुसरीकडं कोन घेनार हाय?"

बोटं मशीनने खायची आणि लाज मामांनी बाळगायची? माझं डोकं फिरलं. मी रांगेबाहेर आलो.

"फोटो मी टाकलेत."

"आत्ताच्या आत्ता काढून टाक. नाहीतर सातपुरात कुठे उभा राहणार नाहीस."

"नाय काढनार."

गेटवर माझं कार्ड काढून घेतलं. मामांचंही. त्यांचा हात फोटोशी जुळला होता. आम्ही बसस्टॉपपर्यंत चालत आलो. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे फोटो. आता लपवून काय करनार?"

संध्याकाळी अनोळखी मोटरसायकली वस्तीत फिरून गेल्या. कॅफेवाला म्हणाला, "तुझी चौकशी करून गेलेत. इथं येऊ नको." मी दुसऱ्या कॅफेत गेलो. अल्बममध्ये आणखी एक फोटो टाकला. साहेबानेच काढलेला, भंगाराशेजारी डबा खाणारा मी. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि कारखान्याचंही.

आता हात तपासायची गरज नाही. यायचं त्याने यावं.