लालबागच्या डंकाची मोटर

परळला माझा मोटर रिवाइंडिंगचा गाळा आहे. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची, वार्निश देऊन भट्टीत सुकवायची. डिप्लोमा झाला तेव्हा घरच्यांना वाटलं, मी ऑफिसात बसेन. मी बसले नाही. आज वीस वर्षं हेच करतेय. त्यातलं एक काम मी आधी चुकवलं होतं, ते सांगते.

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर एक मावशी मिरची-मसाला कुटायचा डंक चालवतात. मूळच्या मालवणकडच्या. नवरा वारल्यावर सगळे म्हणाले, बंद कर. त्यांनी केला नाही. पण डंकाच्या मुसळांचे हादरे वरच्या मजल्यापर्यंत जायचे आणि तिथल्या लोकांनी तक्रार केली. दोन्ही बाजूंनी बसून एक तोड काढली: डंक चालू राहील, पण हळू.

मग दादरच्या एका पुरवठादाराने ड्राइव्ह बसवून दिला. ड्राइव्ह म्हणजे मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारी पेटी. पन्नास हर्ट्झवर मोटर पूर्ण वेगाने फिरते, पंचवीसवर निम्म्या. मावशी बावीसवर चालवू लागल्या. हादरे थांबले. तीन आठवड्यांनी मोटर जळली.

ती माझ्याकडे आली. मी उघडली, भरली, तपासली, परत दिली. का जळली हे विचारलंच नाही. ऐन एप्रिलमध्ये, मिरच्यांच्या गोणी दारापर्यंत लागलेल्या असताना, ती पुन्हा जळली.

मी गेले तेव्हा पुरवठादार आधीच आलेला होता. "ताई, राग मानू नका," तो म्हणाला, "ड्राइव्ह ओके आहे. एकदाही ट्रिप होऊन बंद पडला नाही. वाइंडिंगच कच्चं असणार."

मावशी माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर सोपं गेलं असतं.

"माझं वाइंडिंग कच्चं नाही," मी म्हटलं. "पण मी न विचारता भरून दिली, ही चूक माझी. मला दोन दिवस द्या."

"दोनच दिवस गो बाय," मावशी म्हणाल्या. "लोकांच्या मिरच्या वाळून बसल्यात."

गाळ्यात त्याच मापाची, पाच एचपीची एक जुनी मोटर पडून होती. ती नेऊन जोडली आणि सकाळी आठपासून तिच्या शेजारी स्टुलावर बसले. तोंडाला ओढणी बांधली तरी मिरचीने डोळे गळत होते. दर पंधरा मिनिटांनी करंट मोजायचा, मोटरच्या अंगाचं तापमान घ्यायचं, वहीत लिहायचं. करंट मोटरच्या प्लेटवर छापलेल्या आकड्याला जेमतेम टेकलेला, वर नाही; म्हणून ड्राइव्हची काही तक्रार नव्हती. तापमान मात्र चढतच होतं. अकराच्या सुमारास मोटरवर हात ठेववेना. मी बंद करायला लावली.

बंद करण्याआधी मोटरच्या मागच्या टोकाला हात धरला होता, तेव्हाच लक्षात आलं. वारा लागतच नव्हता. मोटरचा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. दांडा निम्म्या वेगाने फिरला, तर पंखाही तसाच.

मावशींना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी म्हटलं, "मावशी, मुसळ सावकाश उचललं म्हणून हलकं होतं का?"

"हलकां कशाक होतला?"

"तसंच मोटरचं. वेग कमी केला तरी मुसळ उचलायची ताकद तेवढीच लागते. म्हणजे ती तापणार तेवढीच, आणि वारा मात्र निम्म्याहून कमी."

पुरवठादाराला फोन केला. तो म्हणाला, नवीन पाच एचपी घ्या, चांगल्या कंपनीची. मी नाही म्हटलं. कंपनीचा कॅटलॉग काढून बसले. अंगच्या पंख्यावर, निम्म्या वेगात सतत चालवायची, तर पाचची मोटर जेमतेम पाऊण ताकद देऊ शकत होती. साडेसातची घेतली तरी काठावरच येत होतं, आणि त्या खोलीत उन्हाळा, शिवाय अंगावर बसणारी मिरचीची पूड. तेव्हा साडेसातची मोटर, तिला मागे वेगळा पंखा, आणि त्या पंख्याला वीज ड्राइव्हमधून न देता सरळ लाइनवरून, म्हणजे डंक कितीही हळू चालो, वारा पूर्ण. ड्राइव्हही त्याच मापाचा.

"एवढं लागत नाही हो ताई," तो म्हणाला. "सगळीकडे आम्ही पाचला पाच देतो."

"पंपाला द्या. पंप हळू केला की त्याचं ओझंही उतरतं. डंकाचं उतरत नाही. ही जळली तर मी माझ्या हाताने बदलून देईन, पण बसेल तर हीच."

शेवटी तो ड्राइव्ह बदलून द्यायला तयार झाला.

मोठ्या मोटरचे पाय जुन्या बैठकीवर बसेनात. वेल्डर बोलावला, नवी पट्टी मारली, पुली नव्या दांड्याच्या मापाची आणली. तिसऱ्या दिवशी दुपारी सुरू केली. संध्याकाळपर्यंत मी हलले नाही. तापमान साठापर्यंत चढलं आणि तिथेच थांबलं. पाऊण तास एकच आकडा. मावशींनी येऊन मोटरवर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"चाय घेतलंस काय सकाळपासून?" एवढंच विचारलं.

तो हंगाम पार पडला, त्यानंतरचाही. आता कुणीही मोटर घेऊन आलं की तार सोडवण्याआधी मी विचारते: ड्राइव्हवर आहे का, कमीत कमी किती वेगात, आणि किती तास. काही जण वैतागतात. वैतागू देत. पावसाळ्याच्या तोंडावर तो पुरवठादारही एकदा आला. वरळीला एका प्रेसमध्ये त्याने दिलेली मोटर तापत होती. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ताई, तो हिशोब एकदा नीट समजावून सांगाल का?"

मी डंकाशेजारी लिहिलेली ती वही पुढे केली आणि सकाळी आठच्या पहिल्या नोंदीपासून सुरुवात केली.