ट्रायपॉडची मान

विकणारा जी वस्तू आपणहून पुढं करतो तिच्यात खोट असते, हे मला लहानपणीच शिकवलेलं आहे. शिकवणारे माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणतो. नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात ते माझ्या कानात सांगायचे, "म्होरं बांधलेला मेंढा बघू नको. चांगला मागं असतोय. आन् आपल्याला कशाला पायजे, ते तर मरंस्तवर सांगायचं न्हाई." पुढं मी बीएस्सी झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. पण ही शिकवण डिग्रीनं काही पुसली गेली नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या कुत्र्यावर आळ आला. नांदूरघाटच्या पलीकडं माळावर आमची वस्ती. शेजारी भावकीतले चुलते, त्यांना सगळे तात्या म्हणतात. आठवड्यात त्यांची तीन कोकरं गेली. सकाळीच ते दारात येऊन उभे राहिले.

"तुमच्या कुत्र्याचंच काम हाय हे."

"लांडगा हाय, तात्या," मी म्हणालो. "वढ्याच्या पल्याड दोनदा बघितलाय मी."

"तूच बघितला. दुसऱ्या कुणाला कावून दिसंना झालाय? कॉलेजात दाखिवला आसंल तुला!"

शेवटी ठरलं की रविवारपर्यंत कुत्रं बांधून ठेवायचं. तोवर मी तात्यांना लांडगा दाखवला तर ठीक, नाहीतर ते त्याला भाकरीतून विषारी औषध घालणार. हे त्यांनी तोंडावर सांगितलं. वर आपली उरलेली कोकरं आत कोंडली, आणि "कुत्रं बांधल्यापून एकबी गेलं न्हाई, बघा," असं गावभर सांगत सुटले.

माझ्याकडं स्पॉटिंग स्कोप होता, म्हणजे एका डोळ्यानं बघायची लांब, जड दुर्बीण. तलावावरचे पक्षी बघायच्या नादापायी जुना घेतलेला. कॅमेराही होता. पण दोन्ही ज्या ट्रायपॉडवर बसवायचे, त्याचं वरचं डोकं निकामी झालेलं. पाय धड, मानच ढिली. दादांनी डोळा लावला आणि लगेच मागं सरले. "सगळा माळच हालतोय. गाढव हाय का लांडगा, काय कळंना."

गुरुवारी मी बीडला गेलो. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना सामान देणारं एक दुकान आहे. स्कोप मुद्दाम घरी ठेवला. महागाची वस्तू दिसली की समोरच्याचं बोलणं बदलतं.

"काय लावायचंय त्याच्यावर, सर?" दुकानदारानं विचारलं.

मला बाजार आठवला. "आसंच. कायबी."

"मग हे न्या." त्यानं लांब दांडीचं एक डोकं पुढं ठेवलं. "फ्लुइड हेड. वर-खाली, डावीकडं-उजवीकडं, सगळं मऊ फिरतं. वरची बसवायची पट्टी मागं-पुढं सरकते, वजन मधोमध आणता येतं. कॅमेरा लावा, दुर्बीण लावा."

दांडीवर ओरखडे होते. दुर्बिणीचं नाव यानं कावून काढलं? मला संशय आला. मागच्या कपाटात एक छोटं, चकचकीत, गोळ्यावर फिरणारं डोकं होतं. मी तिकडं बोट केलं.

"ते बॉल हेड. कॅमेऱ्याला झकास आहे. पण वजन पुढं झुकलेलं असलं की मान टाकतं. तुमच्या कामाचं नाही."

तुमच्या कामाचं नाही, म्हणजे नक्कीच चांगलं. मी म्हणालो, "मी ग्रॅज्युएट आहे. मला कळतं." आणि तेच घेऊन आलो.

शुक्रवारी उजाडताना लांडगा आला. ओढ्यापलीकडच्या उतारावर, खडकाशी उभा. मी गोळा ढिला केला तर अख्खा स्कोप बाजूला कोसळला. सावरून आवळला. लांडगा मधोमध धरला आणि हात काढला, तर चित्र हळूहळू खाली सरकत गवतात गेलं. पुन्हा वर घेतलं, पुन्हा गवत. तिसऱ्या वेळी खडक होता, लांडगा नव्हता.

दादा शेजारीच बसलेले. "मान टाकली की बे ह्यानं."

"दुकानदार तसंच म्हणलाता."

"मग आणलंस कावून?"

"त्यो नको म्हणला म्हणून. काय लावायचंय, तेबी इचारत व्हता."

"सांगितलं न्हाईस?"

"तुमीच तर शिकवलं, सांगायचं न्हाई म्हणून."

दादा माझ्याकडं बघतच राहिले. "आरं, ते मेंढा इकणाऱ्याला. उद्या डाक्टरलाबी सांगणार न्हाईस का, कुठं दुखतंय ते?"

शनिवारी आम्ही दोघं एसटीनं गेलो. स्कोप घोंगडीत गुंडाळून दादांच्या मांडीवर. दुकानदारानं तो बघितला आणि कपाळाला हात लावला. "सर, हे परवा आणलं असतं तर?" बॉल हेड परत घ्यायला त्यानं खळखळ केली नाही. मला त्याचाही संशय आला, पण गप्प बसलो.

त्यानं ते ओरखड्यांचं डोकं बसवलं, स्कोपची पट्टी जरा मागं सरकवली आणि हात सोडला. स्कोप जिथल्या तिथं. दादांना तेवढं पुरेना. त्यांनी मेंढ्याची मान दाबून बघावी तसं स्कोपचं तोंड खाली दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग दारातून लांबच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरून किती तरी वेळ बघत राहिले.

"पारवा हाय. बसलाय तितंच," ते म्हणाले. "घे हेच."

रविवारी अंधुक उजेडात तात्या आले. लांडगाही आला. मी जागा दिली. तात्यांनी डोळा लावला, काढला, नळीच्या आत वाकून बघितलं.

"ह्यात आदीच भरून ठिवलं आसंल तू. मोबाईलवानी."

"मग दांडी तुमीच फिरवा."

त्यांनी दांडी धरली. ओढा सरकला, बाभळ सरकली, मग त्यांचंच खोपट आलं आणि दारात शेण भरणाऱ्या काकू. "आरं, ही तर आमची..." म्हणत त्यांनी दांडी भराभरा उलटी फिरवली. खडकापाशी थांबले. लांडगा उतार चढू लागला, तशी दांडी त्याच्या मागं मागं जात राहिली.

मी त्याच पट्टीत कॅमेरा अडकवून फोटो घेतला. फोटोत लांडगा आहे, बारका पण स्पष्ट. तात्यांनी तो मागितला नाही.

ते घराकडं वळले, तसं दादांनी खुंटीकडं बोट केलं. "गड्या, बांदायला तू लावलंस. सोडायचं बी तूच."

तात्या कुत्र्यापुढं उकिडवे बसले. हात अर्ध्यात थांबला. कुत्रं हाताचा वास घेत राहिलं, हातभर दोरी ताणून. तात्या त्याच्या तोंडाकडं बघत होते. मग नजर न काढता त्यांनी त्याच्या गळ्यातली गाठ चाचपली.