शांतवनकाकांनी न घेतलेली भाकर

शांतवनकाका गेल्याचं मला छापखान्यात कळलं. शनिवारची सकाळ होती. नव्या पत्रकाचं प्रूफ हातात घेऊन मी उभी होते. वर ठळक अक्षरांत प्रश्न होता, प्रभू आज आला तर तुम्ही तयार आहात काय? मजकूर माझाच होता. आमचे पाळक स्वतः सायकल मारत आले, दारातच थांबले आणि म्हणाले, "शांतवन गेले. पहाटेच गेले." मग माझ्याकडे न बघता, "एक दिवस थांबले असते तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता, म्हणजे प्रभुभोजनाचा. आणि काकांनी ती भाकर माझ्या आठवणीत एकदाही घेतली नव्हती.

आमची ख्रिस्ती मंडळी लहान. रत्नागिरीत आम्हाला ओळखणारे लोक थोडे, आणि जे ओळखतात ते 'पत्रकवाले' म्हणून. पहिल्या रविवारी पाळक प्रार्थना करतात, भाकरीच्या बारीक तुकड्यांचं ताट हातोहात बाकांवरून फिरतं, प्रत्येकजण एक तुकडा घेतो. काका मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, होते. आमच्या बाकाच्या टोकाला बसायचे. ताट त्यांच्याकडे आलं की दोन्ही हातांनी धरायचे, क्षणभर त्याकडे बघायचे आणि माझ्याकडे द्यायचे. बायका म्हणत, केवढी नम्रता! मला त्यात नम्रता दिसत नसे, हट्ट दिसे. एकदा मी सरळ विचारलं, "काका, प्रभू कधीही येईल म्हणून तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मग तुम्ही कशासाठी थांबलाय?" ते म्हणाले, "एक काम राहिलंय गो माझं. ते झालं की घेईन."

मी वाढले ती त्यांच्या पत्रकांवर. माझे वडील आणि काका, नात्याचे नव्हेत पण घरच्यासारखे, दर शनिवारी एसटी स्टँडवर पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या शाळेच्या पुस्तकांना असत. त्यामुळे बेरीज-वजाबाकीच्या आधी मला जगाच्या अंताची चिन्हं पाठ झाली. स्टँडवरचा शेंगावाला आमच्याच पत्रकांच्या पुड्या बांधी. वडील चिडत, काका हसत. "शेंगा संपल्यावर कागद रिकामाच राहतो ना? तेव्हा वाचतील." काका शिंपी होते, बाजारात त्यांचं एका मशीनचं दुकान होतं. शनिवारी संध्याकाळी कोणाचंही कापड दुकानात शिल्लक राहता कामा नये, हा त्यांचा नेम. एखादं गिऱ्हाईक म्हणे, "सोमवारी द्या हो, घाई नाही." त्यावर काका, "तुला नाही. मला आहे. तो आला तर तुझी विजार घेऊन कुठे उभा राहू?" सगळं दुकान हसे. पण मी लहानपणापासून बघत होते, ते हसण्यावारी नेत नव्हते. त्यांनी तयारी हा शब्द सुईत दोरा ओवावा तसा रोज ओवला होता. कोणाशी तंटा नको, कोणाला दिलेला शब्द अडकून नको, मनात किल्मिष नको. फक्त एक जागा उसवलेली होती.

ती जागा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, गणूभाऊ. राजापूरच्या पुढे खाडीकाठी त्यांचं गाव, घरची होडी, मासेमारीचा धंदा. काका तरुणपणी रत्नागिरीला काम शिकायला आले, इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. घरून विरोध झाला, पण आईने दार बंद केलं नाही. पुढच्याच वर्षी निरोप आला, आई फार आजारी आहे, निघून ये. काका नुकते विश्वासात आलेले, मंडळीतल्या जुन्या माणसांनी बजावलं, गेलास की तुला विधीला बसवतील, एकदा वाकलास की सगळं गेलं. काका थांबले. आई गेल्याचा दुसरा निरोप आला तरी थांबले. तेराव्यानंतर गेले, तेव्हा गणूभाऊंनी त्यांना खळ्यातूनच, म्हणजे अंगणातूनच, परत लावलं. तेव्हापासून दर वर्षी, नाताळाच्या आधी, काका राजापूरची एसटी धरून गावी जात आणि क्षमा मागत. प्रभूची आज्ञा आहे, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर आधी त्याच्याकडे जा, मग वेदीकडे ये. म्हणून जात. आणि म्हणून भाकर घेत नसत.

गेल्या डिसेंबरात मी त्यांच्याबरोबर गेले. गणूभाऊ खळ्यात जाळं पसरून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आलास?" काका म्हणाले, "दादा, माझ्यामुळे तुझं मन दुखावलं. मला क्षमा कर." गणूभाऊ गाठ मारत राहिले. शेवटी म्हणाले, "पाच्ची गाडी चुकल तुमची." काकांच्या वहिनीने तांब्याभर पाणी आणून ठेवलं, तेही त्यांच्याशी न बोलता. परतीच्या वाटेवर मी धुमसत होते. म्हटलं, "तुम्ही मागायची ती मागितलीत. तो देत नसेल तर तो त्याचा प्रश्न. देवाची कृपा काय त्या माणसाच्या होकारासाठी अडून बसलीय?"  काका म्हणाले, "तुझं बरोबर असेल गो. पण ताट हातात आलं की मला दादाचं तोंड दिसतं..."

या पावसाळ्यात काका खाटेला लागले. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. त्यांच्या बायकोने, मार्थाकाकूंनी, दुकान बंद केलं, मशीन घरी आणलं. पाळक दोनदा भाकर घेऊन घरी आले, दोनदा काकांनी मान हलवली. दुसऱ्या वेळी मार्थाकाकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. त्या दिवशी मी ठरवलं, आपण जायचं. भांडायचं. गुरुवारी सकाळची गाडी धरून मी एकटीच गावी गेले. गणूभाऊ पडवीत बसले होते.

"काय गो, तू का आलीस? तो खय?"

मी म्हटलं, ते आता येऊ शकत नाहीत. दिवस थोडे आहेत. एवढी वर्षं एक माणूस तुमच्या दारात येऊन क्षमा मागतो, तुम्हाला एक शब्द बोलवत नाही? त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग विडी विझवून म्हणाले, "दर वर्षी येतो. म्हणतो, दादा, तुझं मन दुखावलं. माझ्या मनाला काय झालंय? मी होतो हितं. वाट आईनं बघितलीन त्याची. तिचं नाव तरी काढलान काय कधी? आई कशी गेली, काय म्हणाली, विचारलान काय एकदा तरी?" आवाज उतरला. "त्याला त्याच्या देवापुढं उभं ऱ्हायचंय, म्हणून येतो तो. सुटायला येतो. मी कशाला सोडू?"

मी उठले आणि परतीची गाडी धरली. 

संध्याकाळी काकांना सांगावं की नाही, या विचाराने एसटीत माझं डोकं पिकलं. पण खोटं सांगायला त्यांनी मला शिकवलं नव्हतं. मी शब्दन्‌शब्द सांगितलं. काका डोळे मिटून पडले होते, मला वाटलं झोप लागली. मग हळूच म्हणाले, "खरंय दादाचं. मी तयार व्हायला जात होतो. आईसाठी नाही गेलो कधी." आणि मग, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, ते आईविषयी बोलले. ती मासळीची पाटी घेऊन बाजाराला जायची, हे बरोबर असायचे. परतताना अंधार व्हायचा, यांना भीती वाटायची. ती यांना पुढे चालायला लावी आणि स्वतः मागून सारखी बोलत राही, काहीबाही, शेजारणीच्या कोंबडीचं, मिठाच्या भावाचं, म्हणजे ती आहे हे यांना कळत राहावं. "मागे वळून बघायला लागायचं नाही गो," काका म्हणाले. त्यांना धाप लागली. मग म्हणाले, "दादाला निरोप दे. क्षमेचं काही बोलू नको. म्हणावं, आई गेली ते सगळं ऐकायचंय मला. ये आणि सांग."

मी तशीच स्टँडवर गेले आणि राजापूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे निरोप दिला. आमच्याकडे असे निरोप पोचतात. पण गणूभाऊ होडीवर होते. त्यांना निरोप मिळाला तो शुक्रवारी रात्री.

शनिवारी दुपारी ते आले. काकांना पांढऱ्या कपड्यांत ठेवलं होतं, मंडळी गीत म्हणत होती. गणूभाऊ उंबऱ्यावर उभे राहिले. मार्थाकाकूंना म्हणाले, "कधी?" त्या म्हणाल्या, "पहाटे." "मी पयलीच गाडी धरली गो..." मग ते आत आले, काकांच्या उशाशी मांडी घालून बसले आणि बोलायला लागले. आम्हा कोणाशी नाही, त्यांच्याशी. गीत आपोआप थांबलं. "आईनं खाट पडवीत काढून घेतलीन, शांत्या. रस्ता दिसावा म्हणून. वळणावर गाडी वाजली की म्हणायची, आला. पेज तोंडाला लावून देईना. म्हणायची, तो येवंदे, दोघं घेऊ..." पाळकांनी घड्याळाकडे बघितलं. मी त्यांना हाताने थांबवलं. गणूभाऊ सांगत राहिले, सगळं, शेवटापर्यंत. मग उठले आणि म्हणाले, "चला." दफनभूमीपर्यंत पेटीचा पुढचा कोपरा त्यांच्या खांद्यावर होता.

रात्री ते राहिले. रविवारी सकाळी मार्थाकाकू उपासनेला निघाल्या, तर तेही मागोमाग आले. आमच्या बाकाचं टोक रिकामं होतं, तिथे बसले. ताट फिरत आलं.

"ह्ये काय?" ते कुजबुजले.

"आमच्या प्रभूची भाकर. विश्वासी लोक घेतात."

"शांत्या घ्यायचा?"

"नाही."

"का म्हणून?"

मला खरं बोलावंच लागलं. "तुमच्याशी समेट होईपर्यंत घेणार नाही, म्हणायचे."

त्यांनी ताट मांडीवर धरलं. बराच वेळ धरलं. मागच्या बाकावरून कोणीतरी खाकरलं. मग ते म्हणाले, "आमच्यात होडीवरचा कोण आजारी पडला, तर त्याचा वाटा घरी पोचवतात. आला नाय म्हणून वाटा चुकत नाय." त्यांनी एक तुकडा उचलला, खिशातला रुमाल काढून त्याच्या टोकाला गाठीत बांधला आणि ताट माझ्याकडे दिलं. पाळकांनी ते बघितलं. कोणी घ्यावं, कोणी घेऊ नये यावर मी अख्खं पत्रक लिहिलेलं आहे, नियम देऊन. त्यातला एकही नियम माझ्या तोंडून निघाला नाही.

काका तयार होते काय, हे मला या आठवड्यांत अनेकांनी विचारलं, कोणी दुःखाने, कोणी नुसतं बोलायचं म्हणून. छापखान्यात ते प्रूफ अजून तसंच पडलंय. तो प्रश्न खोटा नाही, माझा त्यावर विश्वास आहे. पण तो लोकांच्या हातात देताना आता माझा हात जड होतो. काकांनी जन्मभर तयारी केली, आणि शेवटच्या दोन दिवसांत ती विसरून आई कशी गेली ते विचारलं. त्यांच्या प्रभूने त्यांना कुठल्या घडीला गाठलं असेल, तर त्याच, असं मला वाटतं. ठामपणे म्हणवत नाही. म्हणवलं असतं तर बरं झालं असतं.

त्या रविवारी उपासनेनंतर गणूभाऊ एकटेच दफनभूमीकडे गेले. मी गेले नाही. दुपारी त्यांना स्टँडवर सोडायला गेले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. गाडीत चढून त्यांनी खिडकीची जागा धरली, तोंडावरचं पाणी पुसायला रुमाल काढला. त्याला गाठ नव्हती.