आत्ता काय करताय?

एका ऑफिसात बरीच वर्षं काढली की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचत जातात. मित्र भेटले, चहा आला, की मी शाहूपुरीतल्या आमच्या डीटीपीच्या ऑफिसातलं काहीतरी सांगायला लागतो आणि कुणीतरी म्हणतंच, ‘हे तू बनवून सांगतोस.’ बनवायची गरज मला कधी पडली नाही. आमचे मालक अण्णा होते ना.

अण्णा मूळचे मुरगूडचे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दुकानांची हँडबिलं अशी कामं आमच्याकडं यायची. कामाला आम्ही तिघं: शौकतभाई, सुनंदा कांबळे आणि मी. अण्णा मनानं वाईट नव्हते, पण त्यांचा विश्वास म्हणून कशावर नव्हता. कुलूप लावलं की चार वेळा ओढून बघायचे आणि खाली जाऊन परत वर यायचे.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. कॉम्प्युटरवर बसलेली माणसं काम कमी करतात आणि पत्ते जास्त खेळतात, असं कुणीतरी अण्णांच्या डोक्यात भरवलं. त्यावर औषध म्हणून एक प्रोग्रॅम मिळत होता. अण्णांनी तो आणला, आमच्या तिघांच्या मशीनवर टाकला आणि कुणी बोलायला नको म्हणून स्वतःच्या केबिनमधल्या मशीनवरही टाकून घेतला.

थोड्या थोड्या वेळानं स्क्रीनवर एक खिडकी उघडायची आणि इंग्रजीत विचारायची, आत्ता काय करताय? उत्तर टाइप करून एंटर मारायचं. नाही मारलं तर मशीन टॉक टॉक करत बोंबलत बसायचं. संध्याकाळी सगळ्यांची उत्तरं अण्णांच्या प्रिंटरवर निघायची.

अण्णा म्हणाले, ‘ह्यानं मन एका जागी ऱ्हातंय.’

शौकतभाई म्हणाले, ‘कुणाचं?’

*

त्याच खेपेला नवे माऊस आले होते. जुने गोळीवाले होते, ह्यांच्या पोटाखाली लाल दिवा होता. शौकतभाईंनी आपला माऊस उताणा करून बराच वेळ न्याहाळला. मग मला जवळ बोलावून सांगितलं की खिडकी नुसती विचारते, बघायचं काम हा करतो.

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि दिव्यावर काळी चिकटपट्टी मारली. माऊस जागच्या जागी मेला. कॉम्प्युटरवाल्याला बोलवावं लागलं. त्यानं पट्टी काढली, माऊस चालू झाला.

तो गेल्यावर शौकतभाई माझ्याकडं बघून म्हणाले, ‘बघितलास न्हवं? डोळा झाकला की काम करीत न्हाय.’

*

खिडकीत मराठी उमटायचं नाही. त्या वेळी मराठी टाइप करायचं म्हणजे मराठी फॉन्ट लावून इंग्रजी बटणं दाबायची. फॉन्ट नसला की नुसता इंग्रजी अक्षरांचा काला दिसायचा. म्हणून खिडकीत आम्ही इंग्रजी अक्षरांतलं मराठी लिहायचो.

सुनंदाचा टायपिंगचा वेग जबर. ती स्क्रीनकडं बघायचीच नाही, नजर शेजारच्या कागदावर. एकदा ती पत्रिका करत असताना मधेच खिडकी उघडली. हिला पत्ताच नाही. निम्मी पत्रिका खिडकीत गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सुनंदाला नाही, मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. समोर कालचा कागद, त्यावर तो अक्षरांचा काला लाल पेनानं अधोरेखित केलेला. शेजारच्या वकिलांना दाखवून झालं होतं, इंग्रजीच्या मास्तरांनाही. कुणालाच ते लागत नव्हतं. अण्णांची खात्री झाली होती की आम्ही सांकेतिक भाषा तयार केली आहे आणि तिच्यातून त्यांच्याविषयी बोलतो.

‘तू घरच्यासारखा हाईस,’ ते म्हणाले. ‘काय लिवलंय खरं सांग.’

मी ती अक्षरं त्यांच्याच मशीनवर टाइप केली आणि फॉन्ट बदलला. स्क्रीनवर आलं, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून...’

अण्णांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, ‘एवढंच? का फुडं आनि काय हाय?’

*

महिन्याच्या शेवटी प्रोग्रॅम निकाल द्यायचा, कुठल्या नंबरच्या मशीनवर सगळ्यात मन लावून काम झालं ते. पहिल्याच महिन्यात नंबर आला सुनंदाच्या मशीनचा. खिडकी उघडली की लगेच उत्तर, एकदाही उशीर नाही.

आता सुनंदा त्यातले बरेचसे दिवस बहिणीच्या बाळंतपणासाठी सुट्टीवर होती. तिच्या कीबोर्डवर आम्ही पत्रिकांच्या नमुन्यांचा गठ्ठा ठेवला होता आणि त्याचा कोपरा नेमका एंटरवर दाबून बसला होता; प्रोग्रॅमला रिकामं उत्तरही चालायचं. हे मला आणि शौकतभाईंना ठाऊक, पण विचारलं कुणी नाही, आम्ही सांगितलं नाही.

सुनंदा कामावर परतली त्याच दिवशी अण्णांनी सगळ्यांना उभं केलं, तिला पुढं बोलावलं आणि तिच्या हातात नारळ ठेवला. शाल आणायला ते परत आत गेले.

सुनंदाचा चेहरा उतरला. बहिणीसाठी काढलेली सुट्टी भोवली असंच तिला वाटलं. तिनं नारळ टेबलावर ठेवला, पर्स उचलली आणि डबा आत घातला. शाल घेऊन अण्णा बाहेर आले तेव्हा ती दारात चपला घालत होती.

‘अण्णा, काढायचंच हुतं तर फोन करायचा,’ ती म्हणाली. ‘बसचं येणं तरी वाचलं असतं.’

*

सुट्टीवरच्या माणसाला पहिला नंबर दिला हे कळल्यावर अण्णांना प्रोग्रॅमचाही संशय यायला लागला. आता त्याच्यावर नजर ठेवायला हवी होती. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की ते मुरगूडला चाललेत, संध्याकाळीच येतील. गेले ते समोरच्या चहाच्या हॉटेलात. कोपऱ्यातल्या टेबलावर पेपर उघडून बसले. तिथून आमचा जिना दिसायचा. कोण कधी खाली उतरतं ते बघायचं आणि संध्याकाळी कागदाशी ताडून पाहायचं, असा बेत.

थोड्या वेळानं शौकतभाई चहाला उतरले. हॉटेलात शिरले आणि पेपरखालच्या चपला त्यांनी ओळखल्या. ते शेजारच्याच टेबलावर बसले. सावकाश चहा घेतला. पेपर काही खाली आला नाही. शौकतभाई चहा संपवून उठले.

वर आले तर खिडकी बोंबलतच होती. संध्याकाळी अण्णांच्या हातात कागद पडला. शौकतभाईंच्या नावापुढं त्या वेळचं उत्तर होतं, ‘अण्णांबरोबर चहा.’

*

आणि एक दुपारचं सांगतो.

अण्णांच्या केबिनमधलं मशीन वाजायला लागलं. दार लावलेलं होतं. अण्णा आतच होते, जेवून नुकतेच बसले होते. मशीन वाजत राहिलं. असं कधी झालं नव्हतं, स्वतःच्या खिडकीला ते ताबडतोब उत्तर द्यायचे.

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. शौकतभाई हळूच म्हणाले की ही परीक्षा असणार, कोण काम टाकून उठतंय ते आतून बघत असतील. मलाही ते पटलं. मी मान खाली घालून काम करत राहिलो. खरं तर करत काहीच नव्हतो, तो आवाज ऐकत होतो.

सुनंदानं खुर्ची मागं सारली.

‘बस की,’ शौकतभाई म्हणाले. ‘परीक्षा हाय.’

‘असू दे. नापास हुते मी,’ असं म्हणून तिनं केबिनचं दार ढकललं.

अण्णा टेबलावर डोकं टेकून पडले होते. शर्ट घामानं भिजलेला, एक हात छातीवर आवळलेला. शुद्धीवर होते, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. शौकतभाईंनी आणि मी त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून खाली उतरवलं. सुनंदा पुढं पळत जाऊन रिक्षा थांबवून उभी होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

बऱ्याच दिवसांनी अण्णा ऑफिसात आले. वाळले होते. आदल्या दिवशी घरच्यांबरोबर वाडीला देवदर्शनाला जाऊन आले होते, सगळ्यांना प्रसाद दिला. केबिनमध्ये गेले आणि कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

तो आल्यावर अण्णांनी आमच्या तिघांच्या मशीनकडं बोट केलं.

‘ह्यांच्यावरचं ते सगळं काढून टाक.’

‘आणि तुमच्या मशीनवरचं?’ त्यानं विचारलं.

अण्णांनी केबिनच्या दाराकडं पाहिलं, मग सुनंदाच्या खुर्चीकडं.

‘माझं ऱ्हाऊ दे,’ ते म्हणाले. ‘आन् आवाज जरा वाढीव.’