ओसरीतल्या बाजेवरचा प्रवासी

आधीच सांगतो, हे इथे लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले. इथे बाकीचे मोकळेपणाने लिहितात, त्यांचा मला हेवा वाटतो. मला लाज वाटते. मी मेहकर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. करणी, उतारा, अंगात येणं यांवर गावोगाव भाषणं देतो, लिंबातून रक्त काढून दाखवतो आणि ते कसं काढलं तेही सांगतो. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव टोपलीत भरून पैनगंगेत सोडले होते. अशा घरातला मी. त्यामुळे 'माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता' हे वाक्य माझ्या बाबतीत जरा कमीच पडतं.

माझी मुलगी सुजाता दिल्लीच्या मेट्रोत ट्रेन ऑपरेटर आहे. म्हणजे गाडी चालवते. आमच्या भागात रेल्वे 'येणार, येणार' हे मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय, आणि माझी पोरगी राजधानीत जमिनीखालून गाडी नेते… कोणी विचारलं की छाती फुगायची. नवा मार्ग सुरू झाला, जुना पुढे वाढला, की ती फोनवर सांगायची आणि मी दुसऱ्या दिवशी वर्गात नकाशा काढायचो. पोरं म्हणायची, सरांची मेट्रो आली.

मागच्या वर्षी ती अचानक रजा घेऊन आली. काय झालं ते फोनवर सांगेना. मी मलकापूरला जाऊन तिला उतरवून घेतलं, बुलडाणा-चिखली करत एसटीने घरी आणलं. वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती. मध्येच एकदा म्हणाली की आता परत जाणार नाही, राजीनामा पाठवते. डिप्लोमा झाल्यावर ज्या नोकरीसाठी पोरीने जीव टाकला, तीच. मी मनात म्हटलं, घरी जाऊन बोलू.

दारात माझी मोठी बहीण उभी. वच्छाबाई. ती असते धामणगाव बढ्याला, पण भाची येणार म्हटल्यावर आदल्या दिवशीच येऊन बसली होती. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग त्याला उंबरा ओलांडू द्यायचा. आमच्याकडे देव गेले, हे मात्र गेलं नाही. समोरच्या ओट्यावर आमच्या शाळेचे दोन शिक्षक बसलेले. माझ्या कपाळावर आठी आली. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणालो, "बाई, हे आपल्या घरात चालणार नाही."

तिचा हात तसाच राहिला. सत्तरीची बाई, मला अंगाखांद्यावर खेळवलेली… कानापर्यंत लाल झाली. तुकडा पदराखाली लपवला. मग सुजाताच्या मागे बघून हळूच विचारलं, "अन् हे बाबा? यायलेबी आतच घेऊ काय?"

मागे कोणी नव्हतं. पण सुजाता मटकन पायरीवर बसली.

संध्याकाळी तिने सांगितलं. तिच्या गाडीत शेवटच्या डब्यात एक म्हातारे कोपऱ्यात टेकून बसले होते. झोपले असतील असं सगळ्यांना वाटलं. ते बसल्या जागी गेलेले होते, हार्ट अटॅक. गाडी या टोकाकडून त्या टोकाला, पुन्हा उलटी, अशी फिरत राहिली, माणसं चढली, उतरली. संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं. त्यांची सून आली, रडली नाही, एवढंच म्हणाली की बाबूजींचं घर लाइन संपते त्याच्याही पुढे आहे. तिथे खांब उभे राहिले होते, रूळ यायचे होते. रोज शेवटच्या स्टेशनवर उतरून रिक्षा बदलायची, त्याला ते वैतागायचे. म्हणायचे, मेट्रो दारात आली की एका बैठकीत घरी येईन.

"माझी चूक नाही हे मलाही कळतं पप्पा," सुजाता म्हणाली. "पण मी त्यांना दिवसभर फिरवलं आणि घरी सोडलं नाही. आता शेवटच्या स्टेशनला गाडी थांबली की माझ्या केबिनच्या दारावर मागून टकटक होते. उघडलं तर कोणी नसतं."

मी तिला समजावलं. मनावर ताण आला की कान खेळ करतात, डॉक्टरला दाखवू. आणि वच्छाबाईला म्हातारा कसा दिसला? त्याचंही माझ्याकडे उत्तर होतं. पोरीने आत्याला आधी फोनवर सांगितलं असणार. सुजाता म्हणाली, नाही सांगितलं. मी ते ऐकून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीतली बाज मधोमध दबलेली दिसली. कोणी बसलं की सुतळी जशी खाली जाते, तशी. मी हात घालून पाहिला, खाली-वर काही नाही. सुतळी सैल झाली असेल म्हणून पायथ्याची दोरी ओढून घट्ट केली. दुपारी पुन्हा तसंच. मग विणणाऱ्याला बोलावून अख्खी बाज नव्याने विणून घेतली. तो माणूस पैसे घेऊन कोपऱ्यावर पोचला नसेल, तोवर नवी कोरी सुतळी कुरकुरत खाली गेली. माझ्या डोळ्यांदेखत. मी विज्ञानाचा मास्तर, तिथे उभा राहून लाकडाला वाळवी लागली का ते बघत होतो.

वच्छाबाईने माझ्याशी वादच घातला नाही. ती एक भाकर आणि तांब्याभर पाणी घेऊन आली, बाजेच्या उशाशी ठेवलं आणि खाली बसून सुजाताला म्हणाली, "पोरी, तू जाय आपल्या कामावर. दारात तुकडा टाकला असता तर बाबा तिथूनच वाटे लागले असते. आता घरात आले, तं पाव्हने झाले. पाव्हन्याले हाकलत नाई. ते इथं राहतीन. तुही गाडी त्यायच्या गावाले जाईन, तवा धाडू."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊले लाज वाटत असन तं मी बसतो इथं."

लाज वाटत होती, खरंच वाटत होती. पण पोरगी त्या रात्री बऱ्याच दिवसांनी जेवली आणि आठवड्याने दिल्लीला गेली. टकटक थांबली. तिचा तसा फोन आला तेव्हा मी बाजेकडे पाठ करून उभा होतो.

पुढचे महिने कसे काढले, ते माझं मला माहीत. वच्छाबाई धामणगावला परतली, जाताना पाण्याचं काम आमच्या सौभाग्यवतींकडे सोपवून गेली. त्या माहेरी गेल्या की ते माझ्याकडे यायचं. म्हणजे बघा… दुपारी एखाद्या शाळेत 'भूत नावाची गोष्ट नसते' म्हणून टाळ्या घ्यायच्या, आणि संध्याकाळी घरी येऊन भुताचा तांब्या भरायचा. कोणी पाहुणा बाजेवर टेकायला गेला की मी धावायचो, "तिथे नको, सुतळी कच्ची आहे." लोकांना वाटायचं मास्तर कंजूष झाले. कंजूष म्हटलेलं परवडलं.

मग तो रविवार. सकाळची वेळ. मुख्याध्यापक आणि तालुक्यातले दोन कार्यकर्ते आले होते, मोठ्या शिबिरात उद्घाटनाचं भाषण मी करावं म्हणून. ओसरीत खुर्च्या टाकलेल्या, चहा आलेला. माझा सत्कार करायचंही घाटत होतं. तेवढ्यात सुजाताचा फोन.

"पप्पा, बाबूजींच्या घराकडचा पुढचा मार्ग सुरू झाला. आज माझी ड्युटी त्यावर आहे. मोबाइल जमा करायचाय, वेळ नाही. त्यांना सांगा. आत्या म्हणाली, घरच्या माणसानेच सांगावं लागतं."

मी म्हटलं, जरा वेळाने सांगतो, लोक बसलेत. फोन चालूच होता, तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "पप्पा, मी गाडीत बसायला निघालेय." त्या आवाजात पुन्हा तेच होतं… एसटीच्या खिडकीजवळचं. आज टकटक झाली तर ही पोरगी पुन्हा केबिनमध्ये चढणार नाही, हे मला लख्ख कळलं.

मी उठलो. चहाचा कप खाली ठेवला. तिघांच्या समोर त्या रिकाम्या बाजेजवळ गेलो, कंबरेत वाकलो, आणि वर्गात जसं स्पष्ट बोलतो तसं म्हणालो, "बाबूजी, चलिए. आपका स्टेशन आ गया."

मान वर करायची हिंमत नव्हती म्हणून मी बाजेकडेच बघत राहिलो. आणि सुतळी करकरली. सावकाश, म्हाताऱ्या माणसाला उठायला लागतो तेवढा वेळ घेत बाज वर आली आणि सपाट झाली.

मी मागे वळलो. तिघेही माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे. बाजेकडे एकाचंही लक्ष नव्हतं. मुख्याध्यापकांनी जपून विचारलं, "सर, तब्येत बरी आहे ना?" मी हो म्हणालो. शिबिराचा विषय पुन्हा निघाला नाही.

रात्री सुजाताने फोन केला. नव्या स्टेशनवर गाडी थांबली, दारं उघडली, बंद झाली. बाकी काही नाही. तिला रडू येत होतं, पण बरं वाटल्याचं रडू होतं. ती आजही गाडी चालवते.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ओल, उष्णता, सुतळीचा ताण, सगळं करून पाहिलं. नव्या सुतळीवर पोतीही ठेवून बघितली. वच्छाबाईने दारात काय पाहिलं ते तिला विचारायची लाज अजून गेलेली नाही. तालुक्यात माझ्याबद्दल काय बोललं जातं ते कानावर येतं. आता भाषणाला कोणी बोलवत नाही, आणि बोलावलं तर काय बोलू, हा प्रश्नच आहे.

या उन्हाळ्यात सुजाता आली. मी वच्छाबाईला आधीच फोन करून बोलावलं होतं. ती म्हणाली, "माहे गुडघे दुखून राह्यले. या खेपी तूच टाक." म्हणून मीच उभा राहिलो दारात, भाकरीचा तुकडा आणि तांब्या घेऊन. समोरच्या ओट्यावर तेच दोन शिक्षक. मान खाली घालून पोरीवरून तुकडा ओवाळला, टाकला. पाणी टाकताना अर्धं माझ्याच पायावर सांडलं. सुजाता हसत आत गेली.

मी तिच्या मागे पाहिलं. कोणी नव्हतं. तरी दार लावण्याआधी थोडा वेळ थांबलो.