बी की जमीन, आणि उदगीरची राजेश्वरी

राजेश्वरीला तिच्या सख्ख्या भावानं कोंडलं. दुष्काळाच्या वर्षी, नागपंचमीच्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर. उदगीरला, बापाच्या बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत. तिचं नाव मी बदललं आहे. बाकी काहीच बदललेलं नाही.

पंचमीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. राजेश्वरीचं लग्न झालेलं नव्हतं, पण ती नोकरीला नांदेडला होती, म्हणून तिलाही सणाला ये असा निरोप गेला. ती आली, मेंदी काढली, झोका खेळली, जेवली. मग भावानं तिच्या हातातला मोबाइल काढून घेतला. कुणीतरी त्याला एक फोटो दाखवला होता. फोटोत राजेश्वरी आणि सुनीता. दोघी नांदेडला एका खोलीत राहायच्या आणि त्यांचं एकमेकींवर प्रेम होतं. दोघी सज्ञान, दोघी कमावत्या. हा गुन्हा नाही, असं सुप्रीम कोर्टानं सांगून झालेलं. तरी लेकीला सणाला बोलवायचं आणि दाराला कडी घालायची, ह्याला मी दगा म्हणते. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

मी नांदेडच्या एका लहान संस्थेत काम करते. दोन खोल्यांचं ऑफिस, एक हेल्पलाइन. फोन घेणं, पत्रकं लिहिणं, केस आली की घरी जाणं, सगळं मीच. सुनीताचा फोनही मीच घेतला. राजेश्वरी आईच्या मोबाइलवरून तिच्याशी चोरून बोलली होती. सोमवारी तिला एका डॉक्टरकडे नेणार होते. हार्मोनची इंजेक्शनं ठरली होती. त्यानंतर बिदरकडचं एक स्थळ.

आमच्या संस्थेच्या प्रमुख वकील आहेत. आम्ही त्यांना ताई म्हणतो. त्या म्हणाल्या, आधी होम व्हिजिट. म्हणजे घरी जायचं, कोंडलेल्या माणसाला डोळ्यांनी बघायचं आणि त्याला काय हवंय ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. सज्ञान माणूस मला जायचंय म्हणाला की त्याला अडवायचा हक्क आईबापालाही नाही. अडवलं तर पोलिस. पोलिसांनी हात वर केले तर हायकोर्टात हेबिअस कॉर्पस. म्हणजे कोर्ट सांगतं, कोंडलेला माणूस आमच्यापुढे आणून उभा करा. पण त्यात दिवस जातात, आणि सोमवार जवळ आला होता.

निघताना मी पिशवीत माझं पत्रक टाकलं. ते मीच लिहिलेलं. पहिलंच वाक्य ठसठशीत: ‘समलिंगी माणूस जन्मतःच तसा असतो, कुणी त्याला घडवत नाही, कुणी बिघडवत नाही.’ मला ते वाक्य फार आवडायचं.

ताईंनी ते बघितलं. “हे ठेवून जा. पहिलं वाक्य टिकायचं न्हाई.”

“का न्हाई?”

“शास्त्र अजून एवढं ठासून बोलत न्हाई. तू कशाला बोलायलीस?”

मी पत्रक ठेवलं नाही. घेऊनच गेले.

त्या दिवशी उदगीर बंद होतं. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, ही मागणी. लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळं झालं, मग आम्ही लातुरातून का नको, असं तिथं चहाच्या टपरीवरचा माणूसही विचारतो. एसटी गावाबाहेरच थांबली. रस्त्यावर टायर जळत होते. आंदोलकांनी फक्त पाण्याच्या टँकरला वाट दिली होती, मी त्याच्या मागून चालत गेले. पोलिस ठाण्यात ताईंनी आधी फोन केला होता. सगळा स्टाफ बंदोबस्तावर आहे, उद्या बघू, असं उत्तर आलं.

दुकानाचं शटर खाली होतं. बाजूच्या दारानं आत गेले. आत राजेश्वरीचे वडील, मन्मथअप्पा, कपाळाला विभूती, समोर टेबल. टेबलाच्या अलीकडे एक लाकडी बाक. त्या हंगामात ह्या बाकावर रोज भांडण बसायचं. लोकांनी पहिल्या पावसावर सोयाबीन पेरलं आणि पाऊस गेला तो गेलाच. उगवलं नाही. शेतकरी म्हणे बी खोटं. कंपनी म्हणे बी चोख, जमिनीत ओल नव्हती. दुकानदार मधे. दुबार पेरणीला लोकांकडे ना बी होतं ना पाणी.

मी कोण, कुठून, का, ते सांगितलं. राजेश्वरीचा भाऊ बसवराज भिंतीला टेकून उभा होता.

“एनजीओ व्हय. कुनाच्या घरात काय शिजतंय ते हुंगायचा पगार भेटतो म्हना की तुमाला.”

अप्पांनी त्याला हातानंच गप्प केलं आणि मला चहा सांगितला. अर्धा कप आला. त्या वर्षी पाव्हण्याला अर्धा कप म्हणजे मान होता.

मी पत्रक पुढे केलं. अप्पांनी चष्मा लावून पहिलं वाक्य मोठ्यानं वाचलं. परत एकदा वाचलं.

“जन्मतःच. म्हंजी आमचंच बी खोटं म्हना.”

बसवराज उसळला. सात पिढ्यांत असलं कुणी झालं नाही, म्हणाला. सगळं लातूरच्या हॉस्टेलचं, तिथल्या संगतीचं. शिकायला पाठवलं तिथंच चूक झाली. अप्पांचं म्हणणं वेगळं. डॉक्टरनं हार्मोनची कमी सांगितली होती. जन्माचं असेल तर दुखणंच, आणि दुखणं असेल तर इंजेक्शननं भरून निघेल. हे बोलताना त्यांनी माझ्याच पत्रकावर बोट ठेवलं.

मी एवढं ठासून लिहिलेलं वाक्य त्या डॉक्टरच्या कामाला आलं होतं. बाप जन्माकडे बोट दाखवत होता, भाऊ संगतीकडे. बाप जिंकला तर इंजेक्शन, भाऊ जिंकला तर कोंडवाडा. वाद जोरात चालला होता आणि जिच्यावरून चालला होता ती वर होती. आजार नाही असं देशातल्या मनोविकारतज्ज्ञांनीच सांगितलंय, हे मी सांगितलं. बसवराज म्हणाला, त्यांच्या घरात असं लेकरू नसंल.

मग मी पत्रक बाजूला सारलं आणि कायदा सांगितला. तिला खाली बोलवा. मी तिच्याशी बोलल्याशिवाय जाणार नाही. बंद उठेपर्यंत परतीची बस नाही, त्यामुळे मला घाई नाही. अप्पा बसवराजला म्हणाले, “बोलीव तिला.”

ती आली. हातावरची मेंदी विटलेली. मला वाटलं होतं, रडेल. ती रडली नाही. मी ठरलेला प्रश्न विचारला: तुम्ही इथं तुमच्या मर्जीनं आहात का?

“न्हाई.”

“कुठं जायचंय?”

“नांदेडला. कामावर. सुनीताकडं.”

माझं काम झालं होतं. कायद्याला एवढं पुरतं. मी उठले. पण राजेश्वरी म्हणाली, मॅडम, जरा थांबा. आणि ती अप्पांच्या समोरच्या बाकावर जाऊन बसली. तक्रार घेऊन आलेले शेतकरी बसतात, तिथं.

इथं तिच्या कामाबद्दल सांगायला हवं. ती बी.एस्सी. ॲग्री. बियाण्याच्या एका खासगी कंपनीच्या लॅबमध्ये ती उगवण तपासायची. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि किती उगवतंय ते बघायचं. शेतकऱ्याची तक्रार आली की तालुक्याची समिती शेतात जाते. कृषी खात्याचे अधिकारी, विद्यापीठाचा माणूस, कंपनीचा माणूस. पेरणीचं तास, म्हणजे ओळ, उकरून बघतात, बी किती खोल पडलं, कुजलं का, ओल होती का. मग पंचनामा. कंपनीकडून कधी कधी राजेश्वरी जायची. दुकानदार म्हणून अप्पांनी अशा समित्या जन्मभर बघितलेल्या.

ती म्हणाली, “अप्पा, समिती शेतात कवा जाती?”

“हे काय इचारायलीस?”

“सांगा की.”

“तक्रार आल्यावर.”

“गेली. आन् बघितलं तर पीक हिरवंगार उभं हाय. शेंगा भरल्यात. मग समिती काय करती?”

“माघारी येती. दुसरं काय करंल.”

“बी कसलं होतं, जमीन कसली होती, ह्ये बघत न्हाई?”

“कशाला बघंल? न उगवल्यावर बघायचं आसतंय त्ये.”

“मग माझ्यात काय उगवायचं राहिलंय, त्ये सांगा.”



ती पुढे बोलत राहिली, आवाज न चढवता. हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी होतो. पाणी तेच, डबा तोच, वॉर्डन तीच. बाकी तिघी नवऱ्याच्या घरी नांदताहेत, लेकराबाळांच्या झाल्या. हॉस्टेलनं केलं म्हणता, तर त्यांना का नाही केलं? बरं, रक्तातलं म्हणता, तर आपला बसू आणि मी एकाच घरचं बियाणं. तो तसा नाही, मी अशी. एका लॉटचं बी, एका तासात पडलेलं, तरी दोन झाडं सारखी येत नाहीत, हे ह्या दुकानात कुणाला सांगायला नको. मी कशी झाले ते मला ठाऊक नाही अप्पा. तुम्हालाही नाही. मला एवढंच ठाऊक आहे की मी नोकरी करते, खोटं बोलत नाही, आणि एका माणसावर माझा जीव आहे. ह्यातलं कशाचं नुकसान मांडायचं, आणि तक्रार कुणाच्या नावानं लिहायची?

मी मोर्चे बघितलेत, भाषणं दिलीत. माझ्या अंगावर काटा आला तो त्या बाकाजवळ. ती स्वतःबद्दल ठाऊक नाही म्हणाली, आणि तरी तिच्याइतकी ठाम मुलगी मी पाहिली नव्हती. मी ज्या एका वाक्यावर सगळी लढाई उभी केली होती, त्या वाक्याची तिला गरजच पडली नाही.

अप्पांनी मला विचारलं, “बाई, शास्त्राला तरी ठाऊक हाय का? ह्ये कशानं होतं?”

पत्रक समोरच होतं. मी म्हणाले, पूर्ण नाही.

मग ताईंनी मला शिकवलेलं, मी ऐकूनही पत्रकात न लिहिलेलं, ते सगळं सांगितलं. ह्याचं एक जनुक सापडलेलं नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असावा. पोटात असताना काही घडत असावं. अजून कुणाला न उमगलेलंही काही असावं. एका गर्भाच्या दोन झालेल्या जुळ्या बहिणी, अगदी एकसारख्या, तरी एक अशी आणि एक तशी असू शकते. आईबापाच्या वाढवण्यानं किंवा मैत्रिणींच्या संगतीनं माणूस असा होतो, ह्याला पुरावा नाही. आणि इंजेक्शनानं, मारानं, लग्नानं ते पालटत नाही. माणूस मात्र मोडतो. कित्येक जीव गेलेत त्यात.

बोलता बोलता मलाच आश्चर्य वाटत होतं. इतकी वर्षं मी ‘अजून कळलेलं नाही’ ह्या गोष्टीला कमीपणा समजत होते, लपवत होते. आणि समोर बसलेली ही मुलगी, कुठल्या कुठल्या न दिसणाऱ्या धाग्यांनी अशी विणली गेलेली, की सुनीताचं नाव घेताना तिचा चेहरा उजळत होता. हे कोडं कुणी सोडवलेलं नाही. ते माझ्यापासून हातभर अंतरावर बसलं होतं आणि बापाच्या डोळ्याला डोळा भिडवत होतं.

अप्पांनी चष्मा काढला. “रोग न बघता फवारा दिला की उभं पीक जळतंय,” ते म्हणाले. “म्या दिलेत तसले फवारे. गिऱ्हाईक मागतंय म्हनून.” आणि बसवराजला म्हणाले, “मोबाइल दे तिचा.”

बसवराज चिडला. मठात काय सांगायचं, सोयऱ्यांना काय सांगायचं, उद्या गाव शेण घालंल तोंडात. अप्पा म्हणाले, सांग की तक्रार न्हाई म्हनून. बसवराजनं मोबाइल टेबलावर आपटला आणि बाहेर निघून गेला.

आई आतून राजेश्वरीची बॅग घेऊन आली. बॅग भरलेली होती. तिनं ती कधी भरली, कुणाला कळलं नाही.

आम्ही दोघी चालत गावाबाहेर आलो आणि बंद उठल्यावर सुटलेली नांदेडची एसटी धरली. अप्पा दारापर्यंत आले नाहीत.

शेवट गोड झाला असं मी म्हणणार नाही. राजेश्वरी कामावर आहे, सुनीतासोबत आहे, सोमवारचं इंजेक्शन टळलं. बसवराज अजून बोलत नाही. अप्पा अधूनमधून फोन करतात आणि कुठला लॉट कसा उगवतोय एवढंच विचारतात. सुनीताचं नाव घेत नाहीत. मी पत्रकातलं पहिलं वाक्य काढून टाकलं. ताई बघून म्हणाल्या, आता वाचण्यासारखं झालंय.

ह्यातून मी शिकले ते एवढंच. हक्क जर जन्माच्या दाखल्यावर टांगला, तर कुणीतरी डॉक्टर तो दाखला मागायला येतो. संगतीवर टांगला, तर भाऊ कुलूप घेऊन येतो.

आता तुम्ही. हे वाचणारे आई, बाप, भाऊ, मामा, शेजारी. हे जन्मानं की संगतीनं, ह्याचा शोध शास्त्रज्ञांना लावू द्या, खुशाल लावू द्या, मलाही उत्सुकता आहे. पण उत्तर येईपर्यंत तुमच्या घरातल्या कुणाला कोंडू नका, टोचू नका, बळजबरीनं बोहल्यावर उभं करू नका. आणि उत्तर आलं, कुठलंही आलं, तरी नका.